तुम्ही विचारलंत म्हणून : दुसरं पुस्तक पहिल्यासारखं का नाही?

कोर्टातल्या बार रूममधल्या, म्हणजे वकिलांच्या खोलीतल्या, माझ्या कपाटात स्कॉट टरो या अमेरिकी वकील-कादंबरीकाराची दोन पुस्तकं असतात. असतात म्हणायचं, बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी घरी गेलेली असतात. पहिलं, ‘प्रिझ्युम्ड इनोसन्ट’, तीन-चार दिवसांत परत येतं. आणणाऱ्याचं जागरण झालेलं चेहऱ्यावर दिसतं आणि त्याला तिथल्या तिथे दुसरं हवं असतं. दुसरं, ‘द बर्डन ऑफ प्रूफ’, महिना-दीड महिना येत नाही. येतं तेव्हा सोबत प्रश्न घेऊन येतं. ज्युनिअर विचारतात, आमच्याकडे येणारे एक निवृत्त न्यायाधीश विचारतात, परवा तुम्हीही विचारलंत : “मॅडम, हे त्याच माणसानं लिहिलंय ना? मग पहिल्यासारखं का नाही? आणि तुम्हाला नेमकं हेच का आवडतं?”

तेवढ्यात पुकारा झाला आणि मला पळावं लागलं. म्हणून आता सवडीनं सांगते.

पहिलं पुस्तक 1987चं. रस्टी सॅबिच हा सरकारी वकील, त्याच्याच कार्यालयातल्या सहकारी वकील बाईंचा खून होतो, तपास त्याच्याकडे येतो आणि शेवटी आरोपीच्या जागी तोच उभा राहतो. गोष्ट तो स्वतः सांगतो, त्यामुळे वाचणाऱ्याला पानापानावर ठरवावं लागतं की याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही. टरो स्वतः शिकागोत केंद्र सरकारचा वकील होता. रोज कामावर जाताना लोकलमध्ये बसून त्यानं ती कादंबरी वर्षानुवर्षं लिहिली. म्हणूनच तिच्यात कोर्ट आतून दिसतं. फाइलमध्ये काय आहे आणि फाइलमध्ये नसलेलं पण कोर्टातल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं काय आहे, यातलं अंतर त्याला कळतं. आपल्यासारख्यांना ती कादंबरी सोडवत नाही, ती त्यामुळे.

सॅबिचचं वकीलपत्र घेतो सँडी स्टर्न. अर्जेंटिनात जन्मलेला, ज्यू, बोलण्यात कमालीचा अदबशीर. उलटतपासात आवाज न चढवता साक्षीदाराला कोपऱ्यात नेणारा. स्वतःबद्दल तो जवळजवळ काहीच बोलत नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ते पुस्तक नेलं, त्यांतल्या बहुतेकांना सॅबिचपेक्षा स्टर्न जास्त आवडला. 1990 साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकाचा नायक हाच स्टर्न आहे असं मी सांगते, तेव्हा त्यांच्या मनात लगेच पाचशे पानांचा उलटतपास सुरू होतो.

आणि पुस्तक उघडतं ते असं : स्टर्न कामाचा दौरा आटोपून घरी येतो, आणि एकतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोनं स्वतःचा जीव घेतलेला त्याला दिसतो. चिठ्ठीत एवढंच, की क्षमा करता येईल का. त्याच दिवसांत त्याच्या मेव्हण्याच्या वायदेबाजारातल्या कंपनीची ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे बंद दाराआड ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, चौकशी सुरू झालेली असते. खटला म्हणावा असा खटला उभाच राहत नाही.

तुमच्या तक्रारी मला पाठ आहेत. कोर्ट कुठे आहे? सौद्यांचा हिशेब इतका कशाला? पन्नाशी उलटलेला विधुर, त्याच्या आयुष्यात एकामागून एक बायका येतात, ते आम्ही का वाचायचं? यातली सौद्यांची तक्रार मला मान्य आहे. त्यातली पन्नासेक पानं कमी झाली असती तर बिघडलं नसतं. बायकांबद्दलही थोडं मान्य. एक-दोन प्रसंग मला आजही पटत नाहीत.

पण तेव्हा काय घडत होतं तेही बघा. जून 1990मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर टरो होता. त्याच उन्हाळ्यात पहिल्या कादंबरीवरचा, हॅरिसन फोर्डचा चित्रपट आला. माणसं थिएटरमधून बाहेर पडली, पहिलीचा थरार अंगात असताना त्यांनी दुसरी हातात घेतली. ती प्रचंड खपली. पण त्या वाचकांना पुन्हा सॅबिचचाच खटला हवा होता, आणि समोर होतं एका शांत माणसाचं ओकंबोकं घर. माझ्या कपाटापाशी गेली कित्येक वर्षं तेच होतंय. पहिलं परत करणाऱ्याच्या हातात मी त्याच क्षणी दुसरं देते. चूक माझीच आहे.

जॉन ग्रिशॅम या दुसऱ्या अमेरिकी वकील-कादंबरीकाराच्या बाबतीत हेच उलट्या बाजूनं घडलं. त्याची पहिली कादंबरी ‘अ टाइम टू किल’ एका छोट्या प्रकाशकानं अवघ्या 5,000 प्रतींत काढली, ती फारशी कुणी वाचली नाही. ती संपवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो पुढचीला बसला. ती ‘द फर्म’. पुस्तक यायच्या आधीच पॅरामाउंटनं चित्रपटाचे हक्क सहा लाख डॉलरना घेतले, आणि 1991 साली आल्यावर ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत 47 आठवडे राहिली. पहिलीशी तुलना करणार कोण? पहिली वाचलेलं कुणी नव्हतंच जवळपास. मग लोक मागे वळून पहिली शोधू लागले, म्हणजे बहुतेकांसाठी तीच दुसरी ठरली. ‘द फर्म’मध्ये कोर्टरूम जवळजवळ नाही, सगळी पळापळ, पहिलीत मिसिसिपीतलं एक गाव, वंशद्वेष आणि भरलेलं कोर्ट. माझ्याकडे ग्रिशॅम या क्रमानं वाचणारे म्हणतात, “हे संथ आहे.” टरोच्या दुसरीबद्दल म्हणतात, “यात कोर्ट नाही.” आणि ग्रिशॅमची पहिली, जिच्यात कोर्टच कोर्ट आहे, तीही त्यांना लागत नाही. आधी जे वाचलं त्याची चाल कानात बसलेली असते.

आता मला हेच का आवडतं ते. खरं सांगते, मीही ते एकदा अर्ध्यावर टाकलंय. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली प्रत, मी एल्‌एल्‌.बी.च्या शेवटच्या वर्षाला. मला उलटतपास हवा होता. शंभरेक पानांनंतर ठेवून दिलं.

मग बऱ्याच वर्षांनी एक पक्षकार आले. सत्तरीचे, निवृत्त शिक्षक. पत्नी गेल्या होत्या, सक्सेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे वारसा प्रमाणपत्राचा, अर्ज करायचा होता. कागद लावताना पत्नीच्या नावाचं एक खातं निघालं, यांना माहीत नसलेलं. रक्कम फार नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी थोडे पैसे भरलेले आणि मधूनमधून काढलेले, इतकंच. मी अर्जाचं, नोटिशीचं समजावून सांगत होते. ते पासबुक उलटंसुलटं करत राहिले आणि म्हणाले, “वकीलबाई, तिनं मला सांगितलं का नसेल?” याला माझ्याकडे कलम नव्हतं. चहा सांगितला. ते बराच वेळ बसून होते.

त्या रात्री मी ते पुस्तक माळ्यावरून काढलं. स्टर्नचंही तेच होतं. बायकोच्या इस्टेटीचं काम करताना एक मोठी रक्कम गेलेली सापडते, घरच्या पत्त्यावर एका प्रयोगशाळेचं बिल येतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांकडून सत्य काढून घेणारा माणूस स्वतःच्या बिछान्याच्या दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते कागदांवरून जुळवू लागतो. उलटतपास घ्यायला साक्षीदारच उरलेला नाही. मला हवा होता तो उलटतपास त्यात पहिल्या पानापासून होता. मी वीस-बावीसची होते, मला तो ऐकू आला नाही.

वकील म्हणूनही त्यात खूप आहे. ग्रँड ज्युरीच्या खोलीत साक्षीदाराबरोबर वकिलाला जाता येत नाही; तो बाहेर थांबतो आणि साक्षीदार बाहेर येऊन त्याला विचारतो. स्टर्नसारख्या माणसाला बंद दाराबाहेर उभं करणं हेच केवढं आहे! मेव्हण्याची तिजोरी स्टर्नच्या ताब्यात येते, सरकार ती मागतं, आणि अशिलाचं गुपित राखणं वकिलाला कुठपर्यंत नेतं याचा कस लागतो. हा भाग मी ज्युनिअरना मुद्दाम वाचायला सांगते.

आणि पुस्तकाचं ते नाव, ‘बर्डन ऑफ प्रूफ’. आपण ज्याला शाबितीचा भार म्हणतो, जुन्या साक्ष्य अधिनियमाचं कलम 101, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 104. जो हक्क सांगतो त्यानं शाबीत करायचं. पहिल्या पुस्तकात हा भार सरकारवर आहे आणि स्टर्न तो त्यांच्याच डोक्यावर ठेवतो, इतकंच त्याचं काम. दुसऱ्यात तो भार स्टर्नच्या घरी आलाय. मी चांगला नवरा होतो का, हे त्यालाच त्याच्यापुढे शाबीत करायचंय, आणि पुरावा हळूहळू विरुद्ध जातोय.

टरोनं स्टर्नला सोडलं नाही. 2020मध्ये ‘द लास्ट ट्रायल’ आलं, त्यात तो पंचाऐंशीचा आहे आणि शेवटचा खटला चालवतोय. पण दुसरं नीट न वाचता तिकडे जाऊ नका, त्याचं घर तुम्हाला ओळखू येणार नाही.

तेव्हा असं करा. पहिलं कालच परत केलंत, दुसरं मी आज देत नाही. मध्ये दुसरं काहीतरी वाचा, लांबचं. दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट उघडलं की या, तुमच्या नावाची चिठ्ठी त्यात घालून ठेवली आहे. माझीच जुनी, फाउंटनची प्रत आहे. शंभराव्या पानाच्या आसपास एक बसचं तिकीट सापडेल, ते तिथेच राहू द्या.