अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलची फुली

कॉर्न स्नेकची अंडी घरी उबवायला काय काय लागतं, असं इथे इंग्लंडमधल्या रेडिंग गावातली मराठी मंडळी विचारतात. मी सांगतो, चांगला थर्मोस्टॅट घ्या आणि स्वतःचे हात मागे बांधा.

आजीकडची खुडूक कोंबडी दिवसातून कितीदा तरी चोचीने अंडी फिरवायची. सापाच्या अंड्याला ते चालत नाही. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन पिळदार पांढऱ्या धाग्यांनी तोललेला असतो, सापाच्या अंड्यात ते धागेच नसतात. अंडं घातल्यावर थोड्याच काळात गर्भ वरच्या बाजूला आतून चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो. म्हणून मऊ पेन्सिलीने प्रत्येकाच्या माथ्यावर फुली मारायची. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवत बसायचं नाही, अख्खा घोस तसाच उचलायचा.

मादी अंडी घालण्याआधी कात टाकते. ती दिसली की ओल्या शेवाळाचा डबा ठेवायचा, नाहीतर बाई थेट पाण्याच्या भांड्यात अंडी घालतात.

उबवणीच्या डब्यात ओलं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज. मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये. तापमान 28 अंशांच्या आसपास, मग दोनेक महिने वाट पाहायची. अंधारात टॉर्च लावली की जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. हे मात्र रोज करू नये. (मी करतो.)

शेवटी अंडी सुरकुततात, पिल्लू नाकाजवळच्या बारीक दाताने कवच चिरतं आणि डोकं बाहेर काढून दिवस-दोन दिवस तसंच बसतं. बायको म्हणते, “अरे, अडकलंय ते, काढ ना!” अडकलेलं नसतं, उरलेला बलक पोटात घेत असतं.

खरी कटकट पुढे. आठवड्याभराने पहिली कात, मग खायला उंदराचं केसही न फुटलेलं पिल्लू, फ्रीजरमधून काढून कोमट केलेलं. काही पिल्लं तोंड फिरवतात, कारण रानात ती लहानपणी पाली-सरडेही खातात. अशा वेळी उंदराला पालीचा वास चोळायचा, तो आणि सापाचं पिल्लू दोघांना रात्रभर छोट्या डब्यात ठेवायचं. नेमाने खाऊ लागल्याशिवाय पिल्लू कुणाला देत नाही. घेणाराही आधीच ठरलेला हवा. हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो.

शिराळ्याचा भाचा विचारतो, “मामा, धामणीची अंडी मिळाली तर?” तिथे हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं. 1972च्या वन्यजीव कायद्याखाली धामण घरी पाळता येत नाही.