योकोहामा ते व्हँकुव्हर: उत्तर पॅसिफिकच्या वाटेवरची बंदरे

एप्रिल संपत आला की जपानच्या किनाऱ्यावर फिरणारी काही क्रूझ जहाजे अलास्काच्या उन्हाळी हंगामासाठी पॅसिफिक ओलांडून पलीकडे जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परततात. जहाज न्यायचेच असते, म्हणून या एकेरी फेऱ्यांचीही तिकिटे विकतात. त्यांना रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. दर रात्रीचा हिशेब केला तर त्या नेहमीच्या अलास्का क्रूझपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतात. मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या माई, वसंतातल्या अशाच एका फेरीने योकोहामाहून व्हँकुव्हरला गेलो. निघण्याआधी या वाटेवरच्या बंदरांबद्दल मराठीत फारसे काही वाचायला मिळाले नव्हते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर या एका प्रवासाला जपान, अमेरिका आणि कॅनडा असे तिन्ही व्हिसा लागतात. अमेरिकेचा असला की कॅनडाचा लागत नाही, असे आम्हाला दोघांतिघांनी छातीठोकपणे सांगितले होते. समुद्रमार्गे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने त्यावर मुळीच विसंबू नये. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला मुंबईत कित्येक महिने लागू शकतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या व्हिसाचे बघा. जहाज वाटेत कोरियातल्या बुसानला जाऊन पुन्हा जपानी बंदरात येणार असेल, तर एका प्रवेशाचा जपानी व्हिसा पुरेल का, हेही क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आणि प्रवास विमा घेताना जहाजावरून हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. या समुद्रात तो प्रश्न खरोखर येऊ शकतो.

योकोहामात जहाज कुठल्या धक्क्याला लागणार ते आधी पाहावे. ओसानबाशी धक्का शहराच्या मध्यात आहे, तिथून सगळे पायी होते. फार उंच जहाजे मात्र बे ब्रिजखालून जात नाहीत, ती दाइकोकू धक्क्याला लागतात आणि तिथे टॅक्सी किंवा शटल बसवाचून इलाज नाही. आदल्या दिवशी पोहोचून यामाशिता बागेत एक दुपार घालवाच. तिथे 'हिकावा मारू' हे १९३० साली सेवेत आलेले जहाज कायमचे नांगरून ठेवले आहे. ते जपानहून सिअ‍ॅटलला, म्हणजे आपण निघालो त्याच समुद्रातून, वर्षानुवर्षे माणसे नेत असे. युद्धात ते रुग्णालय-जहाज होते आणि त्यातून वाचले. आतल्या पहिल्या वर्गाच्या जेवणघरातून खाली तिसऱ्या वर्गाच्या बंकांपर्यंत गेलात की कोण कसे समुद्रापार गेले ते कळते. त्याच बागेत घुमटाचे एक छोटे जलमंदिर आहे. १९२३ च्या महाभूकंपात योकोहामातल्या भारतीय व्यापाऱ्यांना शहराने आधार दिला, त्याची कृतज्ञता म्हणून भारतीयांनी ते १९३९ मध्ये बांधून दिले. आत मान वर करून छताचे नक्षीकाम जरूर बघा. माईंनी तिथे आपसूक हात जोडले.

हाकोदातेला क्रूझ कंपनीची सहल घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. वाकामात्सू धक्क्यावरून रेल्वे स्टेशन आणि सकाळचा बाजार चालत काही मिनिटांवर आहेत आणि गावात ट्राम आहे. मागच्या दाराने चढायचे, यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, आणि उतरताना पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखाली दिसेल तेवढे भाडे चालकाजवळच्या पेटीत टाकायचे. सुटी नाणी जवळ ठेवा. आम्ही नाणी तळहातावर मांडून उभ्या राहिलो, तर चालकाने पांढरा हातमोजा घातलेल्या बोटाने नेमकी नाणी दाखवली आणि वाकून नमस्कार केला. मागे रांग होती, पण कोणी हूं की चूं केले नाही.

ट्रामने गोर्योकाकूला जा. पाच टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचा हा किल्ला १८६० च्या दशकात पुरा झाला आणि १८६९ मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, बाजूच्या शेवटच्या सैन्याने इथेच शरणागती पत्करली. एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीला त्याच्या खंदकाभोवतीची दीड हजारांवर साकुराची झाडे फुलतात, म्हणजे वसंतातली फेरी बरोबर बहरात पोहोचू शकते. ताऱ्याचा आकार जमिनीवरून कळत नाही, त्यासाठी शेजारच्या १०७ मीटर उंच मनोऱ्यावर चढायलाच हवे. हाकोदाते डोंगरावरून दिसणारे रात्रीचे दृश्य प्रसिद्ध आहे खरे, पण बहुतेक जहाजे अंधार पडायच्या आत सुटतात. सुटण्याची वेळ पाहूनच रोपवेचे तिकीट काढा. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, मोतोमाची भागात, एक रशियन ऑर्थोडॉक्स चर्च आहे. मुळात १८५९ मध्ये रशियन वकिलातीसाठी बांधलेले, आजची इमारत १९१६ ची. ते बघून ठेवा, कारण हेच घुमट पुढे समुद्रापार पुन्हा भेटतात.

शाकाहारी माणसाला जपानच्या बंदरांत अडचण येते. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, सॉसमध्येही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, घातलेला ओनिगिरी हा भाताचा त्रिकोणी गोळा आमच्या कामी आला. जहाजावर ही चिंता नाही. पहिल्याच संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य वाढप्याला भारतीय शाकाहारी जेवण हवे असे सांगा आणि रोज आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे ठरवा. आमच्या जहाजावर स्वयंपाकघरात गोव्याचे आणि केरळचे लोक होते, त्यांनी आनंदाने डाळ-भात केला. मी मेतकूट आणि लिंबाचे लोणचे नेले होते, ते वादळाच्या दिवसांत अमृतासारखे लागले. केबिनमध्ये विजेची किटली चालत नाही, ती नेऊ नका. ताजी फळे, भाज्या, मांसाचे पदार्थ जहाजावरून कुठल्याही देशात उतरवू नका, आणि बाकीचे खाणे फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहा.

मग समुद्र. होक्काइडो, म्हणजे हाकोदातेचे बेट, सोडल्यावर अलास्काच्या अ‍ॅल्युशियन बेटांपर्यंत साधारण पाच दिवस जमीन दिसत नाही. धुके असते, उंच लाटा असतात, आणि डेकवरचा पोहण्याचा तलाव जाळी लावून बंद असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावरच घ्यावी. पुढच्या टोकाची, उंचावरची बाल्कनीची केबिन महाग आणि इथे सर्वांत त्रासदायक. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि मळमळ सुरू होण्याआधीच. एकदा सुरू झाली की गोळी पोटात राहत नाही.

पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढे जाते. जपान आणि व्हँकुव्हर यांत आठ तास, म्हणजे आठ वेळा तेवीस तासांचा दिवस. याचा थकवा येतो आणि तो लोक कमी लेखतात. झोप जपायची असेल तर पश्चिमेकडे येणारी शरद ऋतूतली फेरी सोयीची, तिथे दिवस पंचवीस तासांचे असतात, पण समुद्र अधिक खवळलेला. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की पूर्वेकडे जाणाऱ्यांना तीच तारीख पुन्हा मिळते. रोजची औषधे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: तारखांवरून गोळ्या मोजल्या तर एक दिवस कमी पडतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळापत्रक घरूनच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. फोन विमान-मोडवर ठेवा, जहाजाच्या मोबाइल नेटवर्कचे बिल पोटात गोळा आणते. आणि दिवसातून एकदा तरी गरम कपडे घालून मागच्या डेकवर जा. अल्बाट्रॉस पक्षी जहाजामागे तासन् तास पंख न हलवता तरंगताना दिसतो. लाटेच्या कुशीत उतरतो, दिसेनासा होतो आणि पुढच्याच लाटेवर वर येतो.

डच हार्बर. वेळापत्रकात ज्या बंदराचे नाव वाचून लोक पुढे जातात, ते हे. माझ्या लेखी या साऱ्या वाटेवरचे सर्वांत मोलाचे ठिकाण हेच, आणि दोन सारख्या फेऱ्यांमधून निवडायची झाली तर ज्यात डच हार्बर आहे ती निवडा.

अमेरिकेतले हे पहिले बंदर असले तर प्रत्येकाला, उतरणार नसलेल्यांनाही, पासपोर्ट घेऊन अधिकाऱ्यांसमोर जावे लागते. वेळ लागतो, डेकनुसार बोलावतात, तेव्हा नाश्ता आधी उरका. डच हार्बर हे बंदर ज्या गावाचे, त्या उनालास्काची वस्ती चार हजारांच्या आसपास. मोठे जहाज आले की त्याच्या निम्म्याने माणसे एका सकाळी वाढतात. टॅक्सी मोजक्या, धक्क्यापासून गाव लांब. आमच्या दिवशी शाळेच्या पिवळ्या बस प्रवाशांना ने-आण करत होत्या. मेमध्ये हवा पाच-सहा अंशांची, वारा असा की छत्री उघडूच नये. पावसाळी जाकीट आणि पँट हवीच. रस्ता सोडून डोंगरावर चालायचे असेल तर जमीन उनालाश्का कॉर्पोरेशन या स्थानिकांच्या संस्थेची आहे, तिचा परवाना आधी घ्या.

बेटावर नैसर्गिक झाड नाही. पिवळ्या गवताचे डोंगर, वर बर्फ, आणि रस्त्याकडेला खेकडे पकडायचे माणसापेक्षा उंच लोखंडी पिंजरे एकावर एक रचलेले. त्या पिंजऱ्यांवर, दिव्याच्या खांबांवर, छपरांवर पांढऱ्या डोक्याचे गरुड बसलेले. आपल्याकडे घार दिसावी इतके सहज. एक तर आमच्यापासून हातभर अंतरावर कुंपणावर बसून पावसात पिसे झटकत होता. पिवळी चोच ओली, नजर आमच्यावर. घरट्यांच्या दिवसांत ते माणसावर झेप घेतात, म्हणून सूचना लावलेल्या जागी थांबू नका.

गावाच्या खाडीकाठी होली असेन्शन चर्च आहे: पांढऱ्या लाकडी भिंती, कांद्याच्या आकाराचे घुमट. आजची इमारत १८९० च्या दशकातली, पण परंपरा आणखी जुनी. १८२४ मध्ये, अलास्का रशियाकडे असताना, इथे आलेले रशियन पाद्री इव्हान व्हेनियामिनोव्ह यांनी स्थानिक उनंगन लोकांच्या साथीने त्यांच्या भाषेची वर्णमाला तयार केली. ३ आणि ४ जून १९४२ रोजी जपानी विमानांनी डच हार्बरवर बाँब टाकले. त्यानंतर अमेरिकी सरकारने अ‍ॅल्युशियन आणि प्रिबिलॉफ बेटांवरच्या ८८१ उनंगन लोकांना घरांतून उचलून आग्नेय अलास्कातल्या ओसाड मासे-कारखान्यांत डांबले. उनालास्कातल्या गोऱ्या रहिवाशांना मात्र राहू दिले. त्या छावण्यांत दहातला जवळपास एक माणूस मेला. परतलेल्यांना घरे लुटलेली, मोडलेली मिळाली. सरकारने माफी मागून भरपाई दिली ती १९८८ मध्ये. चर्चमागच्या दफनभूमीत ऑर्थोडॉक्स पद्धतीचे, खालची दांडी तिरकी असलेले पांढरे क्रूस आहेत. ते बघताना हे सगळे माहीत असावे, म्हणून लिहिले. आत फोटो काढण्याआधी विचारा, आणि दानपेटीत काहीतरी टाका. अ‍ॅल्युशियन संग्रहालयही चुकवू नका. तिथल्या बारीक गवताच्या टोपल्या भिंगातून बघाव्या अशा आहेत.

वाऱ्यामुळे हे बंदर रद्द होऊ शकते. तसे झाले तर सहसा फक्त बंदर-कर परत मिळतो. मनाची तयारी ठेवूनच निघा.

पुढे हबर्ड हिमनदी, जिथे उतरायचे नसते. १२२ किलोमीटर लांब आणि तोंडाशी दहा किलोमीटर रुंद अशी ही हिमनदी, बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना, शतकाहून अधिक काळ पुढेच सरकते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फियोर्डचे, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीचे, तोंडच बंद केले होते. जहाज तिच्यासमोर सावकाश फिरते, म्हणून डावी-उजवी केबिन असा प्रश्न नाही. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. त्यामुळे आवाज ऐकून वळलात तर उशीर झालेला असतो. एकच जागा धरून बघत राहा.

सिटकाला धक्का गावापासून आठेक किलोमीटरवर आहे, पण बस मोफत असतात. कॅसल हिलवर १८ ऑक्टोबर १८६७ रोजी रशियाचे निशाण उतरून अमेरिकेचे चढले. वर जायला उताराची वाट आहे, माईंचे गुडघे दुखत असूनही त्या आरामात चढल्या. खाली सेंट मायकेल चर्च, हेही व्हेनियामिनोव्ह यांनीच बांधवलेले. १९६६ च्या आगीत इमारत गेली, पण गावकऱ्यांनी हातोहात मूर्तिचित्रे बाहेर काढली. नव्या इमारतीत तीच टांगलेली आहेत. किनाऱ्याच्या जंगलातली टोटेम खांबांची, म्हणजे स्थानिक लोकांच्या कोरीव लाकडी खांबांची, वाट मोफत आणि सपाट आहे. दागिन्यांच्या दुकानांत वेळ घालवू नका, ती सगळ्या बंदरांत सारखीच.

व्हँकुव्हरला जहाज कॅनडा प्लेसला, ऐन शहरात लागते. उतरून पाण्याकाठाने पश्चिमेकडे दहा-पंधरा मिनिटे चाललात की कोल हार्बरला 'कोमागाता मारू'चे स्मारक आहे. ते जहाज मे १९१४ मध्ये योकोहामाहूनच निघाले होते आणि २३ मे रोजी इथे आले. त्यावर ३७६ भारतीय होते, बहुतेक पंजाबी शीख. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, तरी त्यांना दोन महिने पाण्यातच अडवून ठेवले. मोजक्यांना उतरू दिले आणि २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज परत पाठवले. कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. या घटनेने गदर चळवळीला, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या ब्रिटिशविरोधी चळवळीला, धार आली. त्याच चळवळीतले आपल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेले. कॅनडाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१६ मध्ये. आम्ही त्याच वाटेने आलो, गरम जेवून आणि तिकिटावर शिक्का घेऊन. माईंनी तिथली नावे एकेक करून मोठ्याने वाचली.

यासाठी परतीचे विमान संध्याकाळनंतरचे घ्या. जड सामान ठेवायची सोय आधी विचारून ठेवा. विमानतळाला जायला टॅक्सीची गरज नाही. धक्क्यासमोरच्या वॉटरफ्रंट स्थानकातून कॅनडा लाइनची गाडी थेट जाते, साधारण पंचवीस मिनिटांत.