शब्दाखालचे टिंब

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे निमंत्रण आले तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ असूनही माझ्या डोळ्यांसमोर एकच जागा पुन्हा पुन्हा येत राहिली. ती म्हणजे ग्रंथालयाच्या खोलीतले शेवटचे कपाट आणि त्याच्या शेजारचे टेबल. त्या टेबलाशी बसून आमच्या मराठीच्या सरांनी मला वाचायला आणि त्यातूनच लिहायला शिकवले, म्हणून या मनोगतात मी तेवढेच सांगणार आहे.

पाचवीत ग्रंथालयाचे कार्ड हाती पडल्यापासून मी अधाशासारखी वाचत असे. मराठी पुस्तकांच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर ८९१.४६ हा आकडा असे. मेलव्हिल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात साहित्याला आठशेच्या घरातले आकडे मिळाले आणि त्यांत मराठी साहित्याच्या वाट्याला हा आकडा आला, हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा माझ्यासाठी तो आपल्या माणसांच्या दाराचा क्रमांक होता. पुस्तक उघडले की पुढे काय झाले एवढाच प्रश्न मला पडे. शेवटचे पान गाठले की ते पुस्तक परत करून मी दुसरे घेई, आणि आठवड्याभराने पहिल्याबद्दल कोणी विचारले तर नायकाचे नावही मला सांगता येत नसे.

त्या कपाटात जुनी पुस्तकेही होती. त्यांत ‘नाहीं’, ‘असें’, ‘कां’ असे शब्द भेटत, आणि एकदा ‘तो घरांत शिरला’ असे वाक्य आले. व्याकरणाच्या तासाला आम्ही ‘घरात’ हे एकवचन आणि ‘घरांत’ हे अनेकवचन असे शिकलो होतो, त्यामुळे एक माणूस एका वेळी अनेक घरांत कसा शिरेल, हे मला उमगेना. मी पुस्तक घेऊन सरांकडे गेले. पूर्वी उच्चारात नसलेली अशी कितीतरी टिंबे लिहिण्यात येत, मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम ठरवले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली आणि या नव्या लेखनात ही टिंबे गळाली, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितले. गोष्ट बाजूला ठेवून मी एका टिंबापाशी थांबले, ती माझ्या वाचनातली पहिली वेळ होती. सरांनी ते पाहिले असावे, कारण त्यानंतर त्यांनी मला एक शंभर पानी वही दिली आणि एक अट घातली.

अट अशी, की पुढचे पुस्तक हवे असेल तर आधीच्या पुस्तकातले एक वाक्य त्या वहीत उतरवून आणायचे. सारांश नको, तात्पर्य नको, लेखकाचा परिचय नको. फक्त आवडलेले एक वाक्य, विरामचिन्हांसह, जसेच्या तसे. (सारांशाच्या सक्तीने मुलांच्या वाचनातला जीव जातो, असे माझे आजही ठाम मत आहे.) सुरुवातीला मी पुस्तकातले सर्वांत लहान वाक्य शोधत असे. हळूहळू मात्र वाचतानाच एखादे वाक्य मला अडवू लागले. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तो उड्या घेत जातो आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतो, असे मी पुढे वाचले, तेव्हा मला त्या वहीची किंमत नव्याने कळली. उतरवून काढताना पाव सेकंद पुरत नाही. एकेक शब्द डोळ्यांतून हातापर्यंत आणावा लागतो, आणि तेवढ्या वेळात तो शब्द तिथे का बसला आहे, हे हाताला कळू लागते. मला ते कळायला मात्र आणखी चार वर्षे लागली.

नववीत वर्गाचे हस्तलिखित निघणार होते आणि मी त्यासाठी आजोबांवर गोष्ट लिहिली. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. चार फुलस्केप पाने भरली होती. पहिल्याच परिच्छेदात सूर्याची सोनेरी किरणे होती, शेवटच्या परिच्छेदात अश्रूंच्या धारा होत्या, आणि मधे आजोबांचा दिवस होता: ते पहाटे उठले, खिडकीपाशी बसले, त्यांनी वर्तमानपत्र वाचले, ते मला काहीतरी म्हणाले. सर लाल शाई कधीच वापरत नसत. जिथे काही खटके तिथे ते शब्दाखाली पेन्सिलीने एक बारीक टिंब देत आणि दुरुस्ती आम्हालाच शोधायला लावत. माझ्या गोष्टीत ती टिंबे किरणांखाली नव्हती, अश्रूंखालीही नव्हती. ती ‘उठले’, ‘बसले’, ‘वाचले’ या साध्या शब्दांखाली होती.

“हे एकदाच झाले का?” सरांनी विचारले.

“नाही सर, रोज व्हायचे.”

“मग रोज कुठे आहे?”

मी पहिल्या ओळीतल्या ‘रोज’ या शब्दावर बोट ठेवले.

“तो शब्द झाला. क्रियापदात कुठे आहे?”

मला उत्तर सुचले नाही, आणि त्यांनीही ते दिले नाही. “तुझ्या वहीत बघ,” एवढेच ते म्हणाले. त्या रात्री मी पाचवीपासूनची वाक्ये पहिल्यांदाच सलग वाचली. निरनिराळ्या पुस्तकांतली, एकमेकांशी काही संबंध नसलेली ती वाक्ये होती. पण त्यांतल्या कितीतरी वाक्यांची अखेर ‘जाई’, ‘बसे’, ‘म्हणे’, ‘येत’, ‘पाहत असत’ अशी होत होती. ज्या वाक्यांनी मला अडवले होते, त्यांत पुन्हा पुन्हा घडणारे, सरता सरत नाही असे वाटणारे काहीतरी होते. हा तर रीतिभूतकाळ! ‘मी शाळेत जात असे’ हे त्याचे उदाहरण मी परीक्षेत लिहिले होते आणि त्याचे गुणही मिळवले होते. ज्याला मी केवळ काळ ओळखण्याचा प्रश्न समजत होते, ते इतकी वर्षे माझ्या कानात आवडीचा सूर म्हणून मुरत होते, याचा त्या रात्री मला विलक्षण आनंद झाला.

मी गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. ‘आजोबा पहाटे उठत. खिडकीपाशी बसत. वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, आणि एखादी बातमी पटली नाही की चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे पाहत.’ असे लिहीत गेले आणि आजोबा खरोखरच पुन्हा रोज उठू लागले. दोन पाने असेच चालले, आणि मग ते वाक्य आले: ‘त्या दिवशी आजोबा उठले नाहीत.’ आधीच्या सगळ्या ‘उठत’नंतर तो एक ‘उठले’ कागदावर उतरला, तेव्हा माझा हात थांबला. अश्रूंच्या धारा मी मग स्वतःच खोडल्या. सोनेरी किरणेही गेली. चार पानांची गोष्ट अडीच पानांत आली, आणि सरांनी ती वाचून परत देताना कागदाच्या कडा नीट जुळवून दिल्या. त्यांची पसंती अशीच कळत असे.

त्यानंतर काही महिने मात्र मला कोणतीही गोष्ट गोष्ट म्हणून वाचता येईना. जिथे तिथे शिवण दिसू लागली. या लेखकाने इथे काळ का बदलला, तिथे वाक्य का तोडले, यातच मी गुंतून पडे आणि पूर्वीची ती भूक कुठे हरवली, या विचाराने घाबरून जाई. ती परत आली धाकट्या भावामुळे. रात्री त्याला मोठ्याने वाचून दाखवताना तो ‘पुढे?’ म्हणे, आणि पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसे.

महाविद्यालयात गेल्यावर मो. के. दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ मी प्रथम हाताळले. त्यातला आख्यातांचा, म्हणजे क्रियापदांच्या रूपांचा, विचार काढून वाचताना ‘जाई’, ‘बसे’ अशी रूपे म्हणजे ई-आख्यात हे समोर आले, आणि अनेक वर्षे ओळखीच्या असलेल्या माणसाचे पूर्ण नाव अचानक कळावे, तसे मला झाले.

या मनोगतासाठी मागच्या महिन्यात शाळेत आले, तेव्हा ते हस्तलिखित पाहायला मिळाले. पुठ्ठ्याची बांधणी सैल झाली आहे, शाई तपकिरी पडली आहे, पण माझे अक्षर स्पष्ट वाचता येते. दुसऱ्या पानावर, मधल्या परिच्छेदात, ‘आजोबांनी वर्तमानपत्र वाचले’ असे एक वाक्य तसेच राहून गेले आहे. तिथे ‘वाचत’ हवे होते. पान खिडकीकडे तिरपे धरले, तेव्हा ‘वाचले’च्या खाली पेन्सिलीचे एक फिकट टिंब दिसले. गोष्ट स्वच्छ अक्षरात उतरवून झाल्यावरही सरांनी ती पुन्हा एकदा वाचली होती. मी हस्तलिखित मिटले आणि ग्रंथपालबाईंच्या हाती परत दिले.