मॅडमच्या नावाची शिफारस

स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराला मी आमच्या मॅडमचं नाव पाठवलं, तेही दोनदा. तिथे स्वतःचा अर्ज स्वतः करता येत नाही, शिफारस दुसऱ्याने करायची असते. मी त्यांच्या हाताखाली पीएचडी केली, म्हणून ती मी केली.

आधी त्यांचं काम सांगते. या कर्करोगाच्या दहापैकी साधारण सात गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसतात. गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेनला पकडणारा प्रथिनाचा रेणू, सापडला तर त्याला अडवणारं टॅमॉक्सिफेनसारखं औषध लागू पडतं. ते पाच वर्षं घेतलं तर पुढच्या पंधरा वर्षांतला या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. पण रिसेप्टर आहे की नाही, हे ठरतं एका तपासणीवर. गाठीचा काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावात, टाकायला उशीर झाला, किंवा तो तिथे सहा तासही राहिला नाही, तर रिसेप्टर असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो. मग त्या बाईला औषध मिळतच नाही, आणि चूक झाली हे कुणाला कळतही नाही. मॅडमनी सगळी हयात या चुका शोधण्यात आणि त्या टाळायच्या कशा हे ठरवण्यात घालवली.

पहिल्या वर्षी मी सगळं काही भरलं. दोन पानी शिफारसपत्र, तीन पाठिंब्याची पत्रं, बायोडेटा, पाच निवडक शोधनिबंध आणि प्रत्येकावर शंभर शब्द. पत्रात त्यांची पदं, समित्या, शोधनिबंधांची संख्या, सगळं ओळीने मांडलं होतं. दोन ओळींचा नकार आला. पत्र पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं, त्यात मॅडम कुठेच नव्हत्या. तसं पत्र कुणाही ज्येष्ठ शास्त्रज्ञाबद्दल लिहिता आलं असतं.

मग या क्षेत्रात ज्यांचा गौरव झाला त्यांच्याबद्दल वाचत बसले. अमेरिकी शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांना १९८५ साली वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत १,८००हून अधिक स्त्रिया होत्या. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी पूर्ण स्तन काढल्याइतकंच आयुष्य मिळतं, हे त्यातून सिद्ध झालं. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं की काही घराण्यांत हा आजार सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे उतरतो. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलेलं हर्सेप्टिन हे औषध १९९८ पासून वापरात आहे. या प्रत्येकाचं काम घरातल्या माणसाला एका वाक्यात सांगता येतं. मॅडमचं तसं वाक्य मला तीन आठवडे सापडत नव्हतं. शेवटी लिहिलं: 'औषध लागू पडेल अशा स्त्रीला ते नाकारलं जाऊ नये, याची खात्री करणारी तपासणी त्यांनी भरवशाची केली.' बाकीचं पत्र त्या वाक्याभोवती नव्याने बांधलं.

खरा पेच 'उमेदवाराचं व्यक्तिगत योगदान' या रकान्यात होता. मॅडमकडे गेले तर त्या म्हणाल्या, "अगं, हे मी एकटीने कुठे केलंय? स्लाइड कापणाऱ्यांची नावं कुठायत यात?" मी म्हटलं, "मॅडम, रकाना एकाच माणसाचा आहे." त्यावर त्यांनी पाचही निबंध समोर घेतले आणि कुठली कल्पना कुणाची, हे एकेक करून सांगितलं. दोन तास लागले. एक निबंध त्यांनी काढायलाच लावला, कारण मूळ विचार एका विद्यार्थ्याचा होता. तोच सर्वांत जास्त उद्धृत झालेला होता! मी खूप विनवलं, पण त्या ऐकेनात. त्याजागी आला एक जुना निबंध, एकच नमुना वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पाठवून निकाल ताडून पाहणारा. आता वाटतं, तोच जास्त योग्य होता.

पाठिंब्याच्या पत्रांसाठी मोठी नावं शोधणं यावेळी सोडलं. गेल्या पाच वर्षांतला सहलेखक चालत नाही, हाही नियम होता. मॅडमची पद्धत वाचून आपल्या प्रयोगशाळेत बदल केलेल्या एका पॅथॉलॉजिस्टना लिहिलं. त्यांनी लिहिलं होतं की पद्धत बदलल्यावर जुने 'निगेटिव्ह' नमुने पुन्हा तपासले, तर त्यातले काही पॉझिटिव्ह निघाले, आणि त्या रुग्णांना बोलावून औषध सुरू केलं. अशी शिफारस करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: ज्यांच्या हातातलं काम बदललं, त्यांच्याकडून पत्र घ्या.

यावेळी मॅडमचं नाव अंतिम यादीपर्यंत गेलं. पुरस्कार दुसऱ्या एका संशोधकांना मिळाला, आणि त्यांचं काम खरंच मोठं आहे. मला वाईट वाटलं, ते अजूनही वाटतं.

पाठिंब्याची पत्रं उमेदवाराला दाखवायची नसतात. निकालानंतर त्या पॅथॉलॉजिस्टची परवानगी घेऊन मी त्यांचं पत्र मॅडमना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "आता तुकडा किती तास ठेवतात गं ते फॉर्मलिनमध्ये?"