बकलं किनाऱ्यावरच लाव

नेरूळला राहणारा माझा भाचा जुलैत लडाखला, झंस्कर नदीवर कयाकिंगला चाललाय. परवा म्हणाला, "मामा, काळजी कसली? मला उत्तम पोहता येतं." तेव्हापासून मला चैन नाही.

तो वल्हवायला शिकला आपल्या ठाण्याच्या खाडीत. इथं सांभाळायचं ते ओहोटीला आणि चिखलाला. पाणी जानेवारीतही फारसं झोंबत नाही, कयाक उलटली तर पोरं हसत वर येतात. झंस्करचं पाणी मात्र बर्फ वितळून आलेलं. वर ऊन कितीही तापो, पाणी गारच. म्हणून कपडे हवा बघून नाही, पाणी बघून घालायचे.

सगळे घाबरतात हायपोथर्मियाला, म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली जाण्याला. त्याला वेळ लागतो. घात त्याच्या आधीच होऊ शकतो. गार पाणी अंगाला लागताच मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच छातीत जातं. पट्टीचा पोहणारा असला तरी नुसत्या पोहण्याच्या जोरावर हे टळत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी बर्फासारख्या पाण्यासाठी एक हिशोब मांडलाय: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण १ तास.

पण तो तास मिळतो लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच. हात बधिर झाले की बकल लागत नाही, म्हणून पट्टे आवळून बकलं किनाऱ्यावरच लाव. जॅकेट कयाकमध्ये मागे खोचून ठेवणारे बघितले की माझा जीव खालीवर होतो.

कुणाला बाहेर काढलंत तर शक्यतो आडवंच ठेवा, चालायला लावू नका. हातपाय चोळायचे नाहीत. ओले कपडे उतरवून आधी छाती-पोट उबदार करायचं. पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड काहीतरी द्यायचं. रम अजिबात नाही, "ऊब येते" हा निव्वळ भ्रम. दारूने शरीराची उष्णता उलट बाहेर जाते.

आणि पैसे भरण्याआधी आयोजकांना विचार, बाळा: ड्रायसूट (पाणी आत येऊच न देणारा पोशाख) देणार की वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा, ओला होऊनही ऊब धरणारा), आणि तुझ्या मापाचा आहे का? उत्तर गुळमुळीत आलं, तर यंदा कोलाडला कुंडलिकेवर जाऊ, मी येतो बरोबर.