नऊला दहा कमी

सोमवार, रात्र

शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचा आहे. बाल आणि कुटुंब अभ्यासात तिसऱ्या वर्षाला स्पेशलायझेशन घ्यावं लागतं आणि आमच्यापुढे तीन पर्याय आहेत: पूर्व-प्राथमिक शिक्षण, इस्पितळात दाखल झालेल्या मुलांसोबतचं काम, आणि कुटुंब सेवा. पहिल्या वर्षापासून कुणीही विचारलं तरी माझं उत्तर ठरलेलं होतं. पूर्व-प्राथमिक. मला लहान मुलं आवडतात, त्यांच्याशी माझं जमतं, त्यात विचार तो काय करायचा! आज पेन घेऊन बसले आणि खूण करायला हात उचलेना.

कारण कळेना म्हणून निरीक्षणाच्या वह्या काढल्या. आठवड्यातून दोनदा कॉलेजच्या बालवाडीत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून आम्ही लिहितो. वेळ टाकायची आणि जे दिसेल तेवढंच लिहायचं. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं, "मूल चिडलं असं लिहायचं नाही. काय दिसलं म्हणून तुम्हाला ते चिडलंय असं वाटलं, ते लिहा." माझी पहिली वही लाल गोलांनी भरलेली आहे. 'हट्टी'भोवती गोल, 'लाजरी'भोवती गोल, 'खूश'भोवतीसुद्धा गोल. मुठी आवळल्या, पाय आपटला, ओठ मिटून घेतले, असं लिहायची सवय लागायला महिना गेला. माझ्या आतापर्यंतच्या शिक्षणात मला सगळ्यात मोलाचं काही मिळालं असेल तर ती ही सवय.

आज वाचताना एक पान सापडलं. जसंच्या तसं उतरवते.

"८.५०. निळे बूट घातलेला मुलगा दारात. उजव्या मुठीत बाबांच्या शर्टाची कड. बाबा उकिडवे बसतात, काहीतरी बोलतात. मुलगा बॅग खाली ठेवतो, पुन्हा उचलतो. ८.५३. बाबा उभे राहतात. ताईंशी बोलतात, घड्याळ बघतात. मुलगा खाली बसून बाबांच्या बुटाची लेस सोडतो. ८.५४. बाबा पुन्हा उकिडवे, लेस बांधतात. मुलगा दुसऱ्या बुटाची लेस सोडतो."

असं दीड पान आहे. त्या दिवशीचा विषय खरं तर ठोकळ्यांचा खेळ होता. ठोकळ्यांवर मी अर्धं पान लिहिलंय आणि मार्कही तसेच पडलेत. मग बाकीच्या वह्या चाळल्या. वर्षभराच्या नोंदी, विषय कोणताही असो, नऊला दहा कमी असताना दाट आहेत आणि मुलं एकदा आत रमली की विरळ होत गेल्यात. मी सबंध वर्ष दाराकडे बघत होते.

मंगळवार

संपूर्ण दुपार वाचनालयात. ठरवून काही शोधायला गेले नव्हते, परीक्षेसाठी पाठ केलेलंच पुन्हा वाचत होते.

मूल आणि आई यांच्यातल्या ओढीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचं नाव निघालं की आम्हा सगळ्यांना त्यांच्या प्रयोगाची खोली आठवते. वर्षभराचं मूल, आई, एक अनोळखी बाई, थोडी खेळणी. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते; सगळं मिळून वीसेक मिनिटं. त्यातले आठ टप्पे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. आई गेल्यावर मूल रडतं का, यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं याला महत्त्व द्यायचं, हेही पाठ आहे: धावत जातं, तोंड फिरवतं, की कडेवर घेतल्यावरही हातपाय झाडत राहतं.

पण त्या वीस मिनिटांना अर्थ कुठून आला? एन्सवर्थ आधी युगांडात घरोघरी जाऊन मायलेकरांना बघत होत्या. नंतर बाल्टिमोरमध्ये २६ कुटुंबांकडे, बाळ वर्षाचं होईपर्यंत, दर तीनेक आठवड्यांनी त्या आणि त्यांचे सहकारी गेले, एकेका वेळी चार-चार तास बसले. एका बाळामागे साधारण ७२ तास! बाळ रडल्यावर आई किती वेळाने उठते, उचलते कशी, भरवताना बाळाने मान वळवली की थांबते का, हे सगळं घरात बसून टिपलेलं. खोलीतली वीस मिनिटं त्या ७२ तासांशी ताडून पाहिली, म्हणून त्यांना वजन आलं. आमच्या नोट्समध्ये खोलीला दोन पानं आहेत आणि घरांना एक ओळ.

मग पेरी प्रीस्कूल या अमेरिकेतल्या बालवाडीच्या प्रयोगाचं प्रकरण उघडलं. पूर्व-प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडायची तर सगळ्यात आधी याचाच दाखला देतात आणि मीही तो दोन निबंधांत दिलाय. मिशिगनमधलं इप्सिलांटी, १९६२ची सुरुवात, गरीब घरांतली १२३ मुलं. काहींना बालवाडी मिळाली, काहींना नाही, आणि दोन्ही गटांचा माग पार चाळिशीपर्यंत ठेवला. बालवाडी मिळालेली मुलं मोठेपणी जास्त कमावती झाली, त्यांना अटक होण्याचं प्रमाण कमी राहिलं. हे मला माहीत होतं. पण तिथल्या शिक्षिका रोज सकाळचा वर्ग घेऊन शिवाय दर आठवड्याला दीड तास प्रत्येक मुलाच्या घरी जात, आई आणि मूल दोघांबरोबर बसत, हे वाचून मी इतके दिवस पान उलटत आले होते. आज थांबले. त्या चाळीस वर्षांच्या फायद्यातला किती वाटा वर्गाचा आणि किती त्या दीड तासाचा, हे वेगळं काढताच येत नाही, कारण दोन्ही गोष्टी त्याच मुलांना एकत्र मिळाल्या. मी मात्र दोन निबंधांत सगळं श्रेय वर्गाला देऊन मोकळी झाले होते.

बुधवार

इस्पितळाचा पर्याय आज मनातून खोडला. सोपं गेलं नाही. ऑपरेशनच्या आधी बाहुलीच्या हाताला सुई लावून दाखवणं, मास्क आधी मुलाच्याच हातात देऊन त्याला तो हाताळू देणं, ही कामं मला फार थोर वाटतात. पण तिथे मूल येतं, बरं होतं आणि जातं. मला त्यानंतरचं बघायचं असतं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. समाजसेवक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एका अडीच वर्षांच्या मुलीचं इस्पितळातल्या आठ दिवसांचं चित्रण केलं. तेव्हा ब्रिटनमध्ये आईवडिलांना मुलांच्या वॉर्डात जेमतेम भेटू देत. ते भेटून गेले की मुलं रडतात, एरवी गप्प असतात, म्हणजे भेटीनेच त्रास होतो असं मानलं जायचं. ही मुलगी फारशी रडतही नव्हती. चेहरा घट्ट ठेवून बसायची, मधूनच आईबद्दल विचारायची. तिचं ते गप्प राहणं म्हणजे रुळणं नव्हतं, हे एकेका दिवसाचं चित्रण पुढे ठेवल्यावर दिसलं. सुरुवातीला डॉक्टर आणि परिचारिका या कामावर रागावले होते. पुढे १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने आईवडिलांना कधीही येऊ द्यावं अशी शिफारस केली. म्हणजे इथेही प्रश्न दाराचाच होता.

मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ साली मांडलेली, मुलाच्या भोवतालाची वर्तुळं आम्ही पहिल्याच सत्रात काढली होती. मधे मूल, भोवती घर, शाळा, मग आईवडिलांचं कामाचं ठिकाण, सर्वात बाहेर समाज. घर आणि शाळा यांच्यात जे काही चालतं, त्याला त्यांनी स्वतंत्र पातळी मानलं आहे. आकृतीत ती दोन वर्तुळांना जोडणारी एक रेघ असते. ती बारीक रेघ म्हणजे लेस सोडणारा मुलगा आणि पुन्हा पुन्हा खाली बसणारे बाबा, हे माझ्या आज ध्यानात आलं.

गुरुवार, उशिरा

आईला फोन केला. कुटुंब सेवा घ्यावं असं वाटतंय म्हटल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शिक्षिका म्हटलं की लोकांना कळतं गं. हे काय काम आहे, ते मला नीट सांग." मी गृहभेटी सांगितल्या, पालकगट सांगितले, घरात मारहाण, व्यसन, आजारपण असतं तिथे जावं लागतं हेही सांगितलं. लपवलं नाही.

तिने एकदम दादूचा विषय काढला. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा झाला तरी चार-पाच शब्दच बोलायचा. एका स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा नेत. मला ती खोली आठवते, भिंतीवरची चित्रंही आठवतात. आईला मात्र वेगळंच आठवतं. "तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं, दिवसभरात तुम्ही दोघं निवांत असे कधी असता? मी म्हटलं, त्याच्या आंघोळीच्या वेळी. तर म्हणाली, मग पाणी ओतायच्या आधी थांबायचं. भांडं वर धरायचं आणि मनात पाच मोजायचे. तो काय करतोय बघायचं." आठ-दहा दिवस काहीच झालं नाही. तो नुसता भांड्याकडे बघायचा. "आणि एक दिवस म्हणाला, ओ. अगं, मी एवढी दचकले की भांडंच हातातनं सुटलं!" पुढे 'ओ'चं 'ओत' झालं, मग 'आई ओत'.

आठवड्यातली चाळीस मिनिटं त्या बाईंची होती. बाकी सगळा आठवडा आईचा होता, आणि त्या बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. आईला काय येत नाही हे त्यांनी सांगितलं नाही. तिच्याकडे कोणती वेळ आहे, ते विचारलं.

मग आई म्हणाली, "आणि ती चिठ्ठी आठवते का तुला?" नव्हती आठवत. दादू चार वर्षांचा असताना त्याच्या शाळेतून वहीत चिकटवून आलेली: मुलाचं बोलणं मागे आहे, घरी लक्ष द्यावे. पाच मोजत वर्ष काढलेल्या बाईला कुणीतरी दोन वाक्यांत सांगितलं की तू लक्ष देत नाहीस. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. चिठ्ठी अजून ठेवलीय म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा ते लेसचं पान काढलं, कारण मला काहीतरी खुपत होतं. समासात माझ्याच अक्षरात, बारीक, लिहिलेलं सापडलं: "वडिलांना मुलासाठी वेळ नाही."

त्याभोवती लाल गोल नाही. मॅडमच्या नजरेतून सुटलं असेल, आणि माझ्या तर ध्यानीमनीही आलं नव्हतं. मुलाला 'हट्टी' म्हणायचं नाही हे शिकले, आणि त्याच पानावर त्याच्या बापाला मात्र सरळ निकाल देऊन टाकला. नोंद मोजली. बाबा एकदा नाही, पाच वेळा खाली बसले होते. घड्याळ बघितलं दोनदा. माझ्या समासातल्या वाक्यात आणि आईच्या चिठ्ठीत काही फरक नाही.

हे बघितल्यावर खूप वेळ टेबलापाशीच बसून होते. ज्या बाजूकडे मी सारखी बघते, तीच बाजू मला अजून बघता येत नाही. शिकायचं तर तेच.

भीती आहे, तीही लिहिते. मला मूल नाही, वय वीस, कुणाच्या घरात जाऊन बसण्याचा मला काय अधिकार? कधीतरी मूल घरातून हलवावं लागेल असा अहवाल माझ्या हातून लिहिला जाईल. शिवाय गृहभेटी म्हणजे जादू नाही. एल्मायरा या न्यूयॉर्क राज्यातल्या गावात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ४०० गरोदर स्त्रियांबरोबर एक प्रयोग सुरू झाला. त्यातल्या एका गटाकडे परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत घरी जात राहिल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी कमी होत्या. पण जिथे घरात मारहाण जास्त होती, तिथे हा परिणाम दिसेनासा झाला होता. म्हणजे ज्या घरांना सगळ्यात जास्त गरज, तिथे नुसती भेट पुरली नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या घरांत काय करावं लागतं, हे जिथे शिकवतात तिथे मला जायचं आहे.

मुलं सुटतील का? ठोकळे, रंग, गोलात बसून ऐकायच्या गोष्टी? थोडी सुटतील, आणि मला त्यांची आठवण येत राहील.

शुक्रवार

फॉर्म दिला. कुटुंब सेवा. कारणासाठी तीन ओळी होत्या. त्यात आंघोळीचं भांडं लिहिलं.

मॅडमना वही दाखवली. समासातलं वाक्य मीच दाखवलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं, आणि लाल पेन माझ्यासमोर सरकवलं. गोल मी काढला.

येत्या आठवड्यापासून खुर्ची कोपऱ्यातून दाराजवळ हलवायची परवानगी मिळाली आहे. आईवडिलांच्या वाटेत येणार नाही अशी, डाव्या भिंतीला लागून. पावणेनऊला पोचायचं.