लालमन शुक्ल नेमका कशामुळे हरला?

करार कायद्याचे पेपर तपासायला घेतले की एक वाक्य हमखास भेटतं: 'लालमनला बक्षिसाची माहिती नव्हती, म्हणून तो हरला.' गाइडांत हेच छापलेलं असतं, मुलांना काय बोलणार? मी अर्धे मार्क देते.

खटला 1913 चा, अलाहाबाद उच्च न्यायालयातला. कानपूरच्या गौरी दत्त यांच्या घरातला मुलगा बेपत्ता झाला. त्यांचा मुनीम लालमन शुक्ल भाडंखर्च घेऊन हरिद्वारला शोधायला गेला. तो गेल्यावर मालकाने पत्रकं काढली, मुलगा शोधून देणाऱ्याला 501 रुपये. मुलगा सापडला ऋषिकेशला, लालमनलाच.

जो प्रस्ताव माहीतच नाही तो स्वीकारणार कसा, हे तत्त्व बरोबरच आहे. पण निकालपत्र उघडून वाचा. हरवलेलं पोर शोधणं हे मुनिमाचं नेहमीचं काम नव्हे, हे न्यायाधीशांनी मान्य केलंय. मात्र 'जातो' म्हणून तो निघाला तेव्हाच ते त्याचं कर्तव्य झालं, आणि बक्षीस जाहीर झालं त्यानंतर. जे करायला आपण आधीच बांधील आहोत, ते केल्याबद्दल नव्या वचनाचे पैसे मागता येत नाहीत. म्हणजे माझ्या मते, पत्रक हातात पडलं असतं तरी लालमन हरलाच असता.

याच्या शेजारी इंग्लंडचा 1893 चा कार्लिल खटला ठेवून बघा. आमचा स्मोक बॉल (नाकात औषधी धूर सोडायचा रबरी चेंडू) वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर 100 पौंड देऊ, अशी कंपनीची जाहिरात होती. कार्लिल बाईंनी ती वाचून सांगितल्याप्रमाणे वापर केला आणि आजारी पडल्या. स्वीकारल्याचं कंपनीला कळवलं नव्हतं, तरी जिंकल्या. त्या कुणाच्या नोकर नव्हत्या. आपल्या 1872 च्या कायद्यातलं कलम 8 हेच म्हणतं: प्रस्तावातली अट पुरी करणं हीच स्वीकृती.

लालमनला तेव्हा दोन सोन्याची नाणी आणि वीस रुपये मिळाले होते. त्याने तक्रार केली नाही. सहा महिन्यांनी नोकरीवरून काढल्यावर मात्र दावा ठोकला. हे गाइडात नसतं, आणि मला सगळ्यात खरं हेच वाटतं.

यंदा प्रश्न फिरवून घातलाय. मुलगा ऋषिकेशच्या एखाद्या दुकानदाराला सापडला असता तर? पत्रक वाचलेलं असेल तर 501 रुपये त्याचे. वाचलेलं नसेल, तर गाइडातलं वाक्य लिहा, पूर्ण मार्क देईन.